एकच रविवार असेल तर सिरपूर, सगळा फाल्गुन असेल तर खताचा माठ

संक्रांत झाली की माझ्या धाकट्या जावेचा हमखास फोन येतो. "ताई, मुलांना यंदा कशात घालू?" तिचा धाकटा साडेचार वर्षांचा, थोरली अकराची. आमच्या सासूबाई सध्या तिच्याकडे असतात. त्यांचे गुडघे दुखतात, पण सगळे बाहेर गेले आणि आपण एकट्याच घरी राहिलो हे त्यांना मुळीच आवडत नाही. म्हणजे जे ठरवायचं ते साडेचारपासून चौऱ्याहत्तरपर्यंत सगळ्यांना झेपलं पाहिजे. बऱ्याच घरांत हीच अडचण असते, म्हणून तिला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलेलं इथे सलग लिहिते आहे.

संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंत इंदुरात निसर्गाच्या आणि बागकामाच्या कार्यक्रमांना तोटा नसतो. सिरपूर तलावावर पक्षी बघायला जायचं असतं, रालामंडळच्या टेकडीवर झाडांची ओळख करून घेत चढायचं असतं. कुठे फुलांचं प्रदर्शन, कुठल्या कॉलनीत गच्चीवरच्या बागेचा वर्ग, २० मार्चला चिमणी दिन, आणि मधूनच कुणीतरी काढलेला वृक्षारोपणाचा बेत. सगळीकडे 'सहकुटुंब या' असंच लिहिलेलं असतं. गेल्या आठ-नऊ वर्षांत मुलांना घेऊन मी या सगळ्याला जाऊन आले आहे, दोन ठिकाणी हातभारही लावला आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. माळव्यात फाल्गुन-चैत्र हे दिवस बघायचे, बी पेरायचे आणि पाला साठवायचे आहेत. झाड लावायचं ते पाऊस पडल्यावर.

आधी दिवस मोजा. शब-ए-माळव्याचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रींचं, कौतुक खरं आहे, फेब्रुवारीतल्या आपल्या रात्री अजून गार असतात, पण मार्चच्या शेवटी सकाळी दहालाच ऊन डोक्यात जातं. थोरल्या मुलांच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, एप्रिल लागला की पुष्कळ शाळांचं नवं वर्ष सुरू. होळी ते रंगपंचमी हे पाच दिवस इंदुरात दुसरं काही सुचत नाही, आणि गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी तर राजवाड्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता रंगाने न्हालेला असतो. हे सगळं वजा केलं तर हातात चार, फार तर पाच रविवार उरतात. प्रत्येक रविवारी नवा कार्यक्रम असं केलं की मुलांच्या लक्षात काहीच राहत नाही, हे मी माझ्या दोघांवर अनुभवलं आहे.

सिरपूर की माठ?

खरी निवड या दोघांत आहे, बाकीचे नंतर बघू.

धार रोडवरचा सिरपूर तलाव होळकरांच्या काळातला. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर या भारतातल्या पहिल्या दोन शहरांना पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मुलांना हे सांगायला चांगलं आहे, पण त्यांना पटतं ते समोर दिसलेलं. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिने पहिल्यांदा कमळपक्षी पाहिला. पाण्यावर पसरलेल्या पानांवरून तो चालत होता आणि पान बुडत नव्हतं. तिने विचारलं, "याला वजन नाही का?" तिथल्या एका काकांनी तिला दुर्बीण न देता आधी त्याच्या पायाकडे बघायला सांगितलं. लांबच लांब बोटं, एकेक बोट काडीसारखं पसरलेलं, म्हणजे वजन एका जागी पडतच नाही. घरी येऊन तिने परातीत पाणी घेतलं, वर अळूचं पान ठेवलं आणि त्यावर एकदा लिंबू, एकदा चार काड्यांची चौकट ठेवून पाहिली. पुढचा आठवडाभर स्वयंपाकघरात माझ्या वाट्याला परात आली नाही.

सिरपूरचं बलस्थान हेच. एका सकाळीत मुलाच्या हाती काहीतरी नक्की लागतं. चमच्यासारख्या चोचीचे थापट्या, तलवार बदकं, काळे कुळकुळीत वारकरी, तांबड्या काटकुळ्या पायांचे शेकाटे. नावं लक्षात राहतात कारण ती दिसण्यावरूनच पडली आहेत. पण पाहुणी बदकं मार्चमध्ये उत्तरेकडे परतायला लागतात. रंगपंचमीनंतर गेलात तर तलाव सुंदरच दिसेल, पाणकावळे, बगळे, जांभळ्या पाणकोंबड्याही असतील, पण जानेवारी-फेब्रुवारीत पाण्यावर जी गर्दी असते ती नसेल. म्हणून सिरपूर फेब्रुवारीतच उरकायचं.

त्यातही मध्य फेब्रुवारीचा, शुक्रवार ते सोमवार चालणारा 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' म्हणजे पक्षी मोजायचा उपक्रम साधला तर फार चांगलं. हा प्रकार १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३ पासून भारतातही होतो. नियम इतके सोपे की आमच्या सासूबाईंनी एकदा ऐकून पाठ केले. कमीत कमी पंधरा मिनिटं, कुठेही, जे पक्षी ओळखता येतील ते मोजायचे आणि यादी ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. पैसे लागत नाहीत. 'कुठेही' हा शब्द आपल्या कामाचा आहे. गेल्या वर्षी आम्ही सिरपूरला गेलो तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, जावेच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या आणि साळुंक्या, बुलबुल, पोपट, एक भारद्वाज असं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिल्या. आम्ही परत आलो तेव्हा त्यांची यादी तयार होती आणि ती आमच्या यादीइतकीच मानाने जमा झाली.

साडेचार वर्षांच्या मुलासाठी एक सूचना. दुर्बीण त्याला जमणार नाही. दोन्ही डोळे एका चित्रावर आणायला लहान मुलांना फार त्रास होतो आणि पाच मिनिटांत ती कंटाळतात. स्टँडवरची मोठी दुर्बीण कुणी आणली असेल तिथेच जा, सोबत उभं राहायला एक छोटं स्टूल न्या. आणि सात वाजेपर्यंत पोचा. नवाला निघायचं, वाटेत पोहे-जलेबी खायची, हेही त्याच्यासाठी त्या सकाळीतलंच आहे.

यशवंत सागर सिरपूरच्या पाचपट मोठा आहे आणि सारस क्रौंचाची जोडी दिसण्याची आशा तिथे जास्त. पण शहरापासून लांब, सावली कमी, आणि पक्षी किनाऱ्यापासून दूर. मुलं दहाच्या वर असतील आणि घरात कुणाला पक्ष्यांचा नाद असेल तर जरूर जा. पहिली खेप म्हणून नको.

आता माठ. घरच्या ओल्या कचऱ्याचं आणि वाळक्या पाल्याचं खत करणं आणि त्याच जोडीला उन्हाळी भाजीचं बी पेरणं. बागेच्या वर्गांत या दिवसांत हेच शिकवतात. इंदुरात याला जी पाळंमुळं आहेत ती आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतात. जगभरच्या शेतकीच्या पुस्तकांत 'इंदूर पद्धत' म्हणून खताची जी पद्धत येते ती याच शहरातली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर, पुरेसा ओलावा, आणि ठरलेल्या वेळी उलथापालथ म्हणजे हवा. तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली या पद्धतीवर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. ते संस्थेत रसायनशास्त्राचं काम बघायचे. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही ही पद्धत पाहिली. हॉवर्डांचं नाव थोडंफार घेतलं जातं, वाडांचं जवळपास कुणी घेत नाही, आणि मला ते लागतं. मुलांना खत शिकवताना मी दोघांची नावं सांगते.

घरी हे सगळं माठात होतं. बाजूला चार-पाच भोकं पाडलेला मातीचा माठ, तळाशी वाळका पाला, त्यावर भाजीची देठं-सालं, वर पुन्हा पाला. एक वाटी ओलं तर दोन-तीन वाट्या वाळलेलं, हे प्रमाण सांभाळलं तर वास येत नाही. वास आला तर पाला कमी पडला, काहीच होत नसेल तर पाणी कमी पडलं. शिजलेलं, तेलाचं काही टाकायचं नाही. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा आंबट ताकाचा शिपका. आणि हे काम फाल्गुनातच का, तर आपल्याकडे पानगळ तेव्हाच असते. कडुनिंब, पिंपळ, शिसम, सगळे एकदम पानं टाकतात. जो पाला लोक झाडून पेटवून देतात तोच तुम्हाला पोत्याने भरून आणायचा आहे. आंब्याची, वडाची जाड पानं कुजायला वेळ घेतात, ती मुलांना पायाखाली चुरडायला द्या. याहून आवडीचं काम मुलांना देता येत नाही.

साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी माझ्या मुलाने माठात लांब काडी खुपसली, थोड्या वेळाने काढली आणि गालाला लावली. काडी कोमट होती. बाहेर सकाळचा गारवा आणि आत ऊब. "आई, आत कुणीतरी आहे." डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव आहेत, ते खातात, म्हणून गरम होतं, हे त्याला मी नंतर सांगितलं, पण कळलं ते काडीने.

माठाच्या शेजारी कुंड्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात भेंडी, गवार, काकडी, दोडका, गिलकी पेरता येतात. बी रात्रभर भिजवायचं, बोटाच्या एका पेराइतकं खोल टोचायचं. आपली काळी माती कुंडीत एकटी वापरली तर चिखल होते आणि वाळली की दगड, म्हणून तिच्यात तेवढंच खत आणि थोडी वाळू. मुलांसाठी मी नेहमी भेंडी सांगते. आठवड्यात उगवते, पिवळं फूल मोठं येतं आणि पन्नास दिवसांच्या आसपास तोडायला मिळते, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, आजोळी जायच्या आधी. धणे, पालक या दिवसांत पेरू नका, उन्हाने लगेच फुलावर जातात आणि मुलं हिरमुसतात.

माठाविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. जावेनेच घेतला होता. "आपल्याकडे ओला कचरा गाडीवाला घेऊनच जातो ना, मग हा पसारा कशाला?" बरोबर आहे. देवगुराडियाचा शहराच्या कचऱ्याचा प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो, त्यापासून गॅस आणि खत होतं. तुमच्या माठाने शहराचं काही अडलेलं नाही. माठ मुलासाठी आहे. गाडीत गेलेल्या सालाचं पुढे काय झालं ते त्याला दिसत नाही, माठातलं दिसतं.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. सिरपूरला एक सकाळ, पेट्रोल आणि पोहे एवढाच खर्च, आणि चूक होण्यासारखं काही नाही. माठाला तीन महिने रोज पाच मिनिटं लागतात, आणि मधे आठवडाभर गावाला गेलात तर भेंडी माना टाकेल. सिरपूरला अकराची मुलगी रमते, धाकटा अर्ध्या वेळात कंटाळतो. माठापाशी उलट होतं, साडेचारचा तासन्‌तास बसतो आणि थोरलीला किळस वाटू शकते. तिला नोंदवही द्या, कोणत्या दिवशी काय टाकलं, काडी किती गरम लागली, ते लिहील. आजीच्या बाबतीत माठ निर्विवाद पुढे. देठं निवडणं, बी भिजवणं, 'आज पाणी जास्त झालं' असं बजावणं, हे सगळं बसल्या जागी होतं. शिवाय चैत्रगौरीच्या आराशीसाठी आमच्याकडे पूर्वीपासून मडक्यावर ओलं फडकं गुंडाळून त्यावर हळीव उगवतात. ती कला आईंच्या हातात आहे, कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी कैरीची डाळ खाता खाता त्या हिरव्या मडक्याला हात लावून पाहिला तेव्हा धाकटा प्रत्येकीला सांगत होता, "हे मी आणि आजीने केलंय."

वर्ग निवडताना पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. दुसरी भेट आहे का? एका दिवसाचा वर्ग म्हणजे मुलाला कुंडी देऊन घरी पाठवणं, रोपाला मावा लागला की विचारायला कुणी नाही. आणि मुलाचा हात मातीत जाणार आहे, की त्याने खुर्चीवर बसून पडद्यावरची चित्रं बघायची आहेत? कॉलनीच्या बगीच्यात शेजारच्या काकू दर शनिवारी फुकट शिकवत असतील तर त्या वर्गाला माझी पहिली पसंती, मग भले त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसो.

रालामंडळ आणि बाकीचे

शहराच्या दक्षिणेला बायपासजवळ सुमारे २३५ हेक्टरांची ही टेकडी, १९८९ पासून अभयारण्य, माथ्यावर होळकरांची शिकारगाह. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर पळस फुलतो, एकही पान नाही आणि झाड केशरी. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी मी रालामंडळ सिरपूरच्या बरोबरीने धरते. पाय चालतात, दम लागतो आणि वर पोचल्यावर सगळं इंदूर दिसतं. चढण असल्यामुळे आईंसारख्यांना नाही. आणि अभयारण्यातून काही उचलायचं नाही, पडलेलं फूलसुद्धा नाही. होळीच्या रंगासाठी टेसू हवा असेल तर रस्त्याकडेच्या पळसाखालचा वेचा, रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा.

चालून आल्यावर थोरलीला एक झाड निवडायला सांगा, घराजवळचं, रोज दिसणारं. 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम २०१० पासून भारतात चालतो. आपलं झाड नोंदवायचं आणि दर आठवड्याला कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं आहेत-नाहीत ते टिपायचं. परीक्षेच्या दिवसांतही दोन मिनिटांत होतं. चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी आठवड्याभरात हिरवी होते, ती एकदा नीट पाहिली की पुढच्या वर्षी मूल स्वतःच वाट बघतं.

फुलांच्या प्रदर्शनाला जायचं तर आईंना घेऊन जा, त्यांना फार आवडतं. मुलांना हात लावू नको, धावू नको एवढंच ऐकावं लागतं. चिमणी दिनाला घरटी आणि पाण्याची परळं वाटतात. परळ जरूर घ्या, सावलीत ठेवा, रोज पाणी बदला. घरटं मात्र भिंत दुपारी तापत नसेल तरच लावा.

मार्चमधलं वृक्षारोपण

इथे मी स्पष्ट बोलणार आहे. मुलगा पाच वर्षांचा असताना मार्चमध्ये एका संस्थेच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो. टोपी मिळाली, फोटो निघाले, मुलाने खड्ड्यात रोप ठेवलं आणि त्याला नाव दिलं. मेच्या सुरुवातीला तो हट्ट करून घेऊन गेला. काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. चाळीस-पन्नास रोपांत एकही जिवंत नव्हतं, त्याचं तर जागेवरही नव्हतं, नुसती आळी आणि काठी. परतताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. लोक वाईट नव्हते, त्यांना मनापासून करायचं होतं. पण एप्रिल-मेमध्ये इंदुरात नव्या रोपाला सतत पाणी घालावं लागतं, आणि आपलं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून उपसून चढवलेलं. टँकर आठ दिवस आला नाही की संपलं. २०२४ मध्ये इंदूरच्याच रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांहून जास्त रोपं लावली गेली तीही १४ जुलैला, पावसात. म्हणून मार्चमध्ये मुलाला रोप लावायला बोलावलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि विचारा, "जुलैत कधी आहे?" पाणी घालणारा माणूस ठरलेला आहे, घराच्या अंगणातलंच झाड आहे, तर गोष्ट वेगळी.

माठ इथेच उपयोगी पडतो. फाल्गुनात भरायला घेतलेलं खत ज्येष्ठात तयार होतं. नेमक्या त्याच सुमारास कडुनिंबाच्या निंबोळ्या पिकून खाली पडतात. निंबोळीचं बी फार दिवस टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत उगवण कमी होते, म्हणून पिकलेली वेचून, गर धुऊन लगेच पिशवीत लावायची. खत घरचं, बी गल्लीतलं. गेल्या वर्षी माझ्या मुलाने अशा सहा पिशव्या लावल्या, चार उगवल्या, आणि त्यातलं एक रोप या पावसाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत जाईल. पाच वर्षांचा असताना लावलेल्या त्या रोपाचं नाव त्याने याला दिलं आहे.

जावेने ठरवलं ते असं. बर्ड काउंटच्या रविवारी ती थोरलीला घेऊन माझ्याबरोबर सिरपूरला येणार, धाकटा आणि आई गॅलरीत. दुसऱ्या दिवसापासून माठ. रालामंडळ थोरलीची परीक्षा संपल्यावर, पळस उरला असेल तर. भोकं पाडलेला माठ मी कुंभाराकडून आणून ठेवला आहे, आणि तिच्या गल्लीतल्या कडुनिंबाने पानं टाकायला सुरुवात केली आहे. धाकट्याने पहिलं पोतं भरून जिन्याखाली ठेवलंय, असा काल रात्री फोन होता.